रजिस्टरातली उंची

मी खोटं लिहिलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझी कीव करायला नको. तेलंगणाच्या सीमेवरच्या मुधोळपासून एका बसच्या अंतरावरच्या गावात, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत मी मास्तरीण होते, आणि चार वर्षं मी शाळेच्या उंची-वजनाच्या रजिस्टरात माझ्याच पोटच्या पोरीची उंची वाढवून लिहिली. सही माझी, शिक्का हेडमास्तरांचा, आणि भोगलं तिनं.

तिला तिसऱ्या वर्षी दमा लागला. आमच्याकडं कापसाची वेचणी सुरू झाली की कापूस शेतात राहत नाही, घरात येतो. ओसरीत ढीग, खोलीत ढीग, पोरं त्यात लोळतात. आमचं शेत नव्हतं, पण भाड्याचं घर शेतकऱ्याचं होतं आणि मधल्या खोलीपर्यंत त्याचाच कापूस. पोरगी तीन महिने बसून काढायची. छाती भात्यासारखी, मान पुढं, बोलताना दोन शब्दांवर श्वास संपायचा. माझे मिस्टर मुधोळला मंडल ऑफिसात, म्हणजे तिकडच्या तहसिलात, क्लार्क. ते म्हणायचे, "दवाखान्यात ने." मी नेत होते. शाळा करून, स्वयंपाक करून, मीच नेत होते. सासूबाई म्हणायच्या, "बाळदमा हाये, न्हाती-धुती झाली का जाते." म्हणजे बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत तिनं वाट बघायची.

गावात एक डॉक्टर सायकलवर यायचा. तो कुठं शिकला हे कुणी विचारलं नव्हतं. टीचर ट्रेनिंग झालेली बाई असून मीही नाही विचारलं. तो वर्तमानपत्राच्या कागदात तीन गोळ्या बांधून द्यायचा. त्यात एक अगदी बारीक, पांढरी. ती पुडी घेतली की तासाभरात पोरगी अंगणात पळायची. काय सांगू, ते बघून मला रडू यायचं. हळूहळू माझ्या लक्षात आलं की तिन्हींत काम करणारी ती बारीक पांढरीच. मग मी शहाणी झाले. भैंसा गावच्या मेडिकलमधून तिचंच पाकीट आणायला लागले. दुकानदारानं कधी चिठ्ठी मागितली नाही. आधी दम लागला की एक द्यायची, मग दम लागू नये म्हणून एक द्यायची, आणि तिच्या पाचव्या वर्षापासून कापसाच्या दिवसांत रोजच. उन्हाळ्यात थोडं कमी.

आणि पोरगी डोळ्यात भरायला लागली. गाल वर आले, तोंड गोल झालं, भूक अशी की दोन भाकरी खाऊन तिसरी मागायची. गावातल्या बायका म्हणायच्या, "बाईची पोरगी पाहा, कशी गुबगुबीत झाली." तेलुगू बोलणाऱ्या बायका मला टीचरम्मा म्हणायच्या, त्या विचारायच्या की कोणतं टॉनिक देता. मला काय अभिमान. मी तिला निर्मल शहरातल्या फोटो स्टुडिओत नेऊन फोटो काढला, घरी टांगला. त्या गोल तोंडाला डॉक्टर लोकांकडं एक नाव असतं, ते मला फार पुढं कळलं. तेव्हा मी त्याला तब्येत म्हणत होते.

आता रजिस्टरचं. दरवर्षी जुलैत आरोग्य केंद्राचे लोक शाळेत यायचे. त्याआधी आम्ही मास्तरांनी पोरांची उंची आणि वजन लिहून ठेवायचं असायचं. भिंतीवर टेप चिकटवलेला. पोरगं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, डोक्यावर फूटपट्टी ठेवून वर्गाचा मॉनिटर आकडा मोठ्यानं सांगायचा, मी लिहायचे. ज्यांची वाढ कमी, त्यांच्या नावापुढं लाल खूण करायची आणि आईबापांना चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी घेऊन आलेल्या आयांना मी बोलायचे. चांगलंच बोलायचे. पोराला दूध देत नाही, अंडं देत नाही, नुसतं रानात नेता. शेतावर मजुरी करणाऱ्या बायका, खाली मान घालून ऐकायच्या. एकीला तर मी माझी पोरगी उभी करून दाखवली होती, अशी असावी म्हणून.

पहिलीत तिची उंची एकशे आठ सेंटीमीटर. दुसरीत मॉनिटरनं सांगितलं, एकशे अकरा. बाकी पोरी पाच-पाच, सहा-सहानं वाढलेल्या. मी मनात म्हटलं, टेप ढिला झाला असेल, आणि एकशे बारा लिहिलं. एका सेंटीमीटरचं काय एवढं. पण तिसरीत खरी एकशे चौदा झाली आणि माझ्या लिहिण्याप्रमाणं ती नुसती दोननं वाढल्यासारखी दिसणार होती. दोन म्हणजे लाल खूण. लाल खूण म्हणजे माझ्याच नावानं चिठ्ठी, आणि ती मीच लिहायची. मी एकशे सतरा लिहिलं. चौथीत खरी एकशे सोळा, मी एकशे एकवीस. पाचवीत खरी एकशे अठरा, मी एकशे पंचवीस. सात सेंटीमीटर मी पेनानं वाढवले, आणि ज्या वर्गात वाढवले त्याच वर्गात मी पोरांना खरं बोलावं म्हणून शिकवत होते.

मला दिसत नव्हतं असं नाही. तिच्या वर्गातल्या पोरी तिच्या खांद्याच्या वर गेल्या. कपडे दोन-दोन वर्षं पुरायचे. मी म्हणायचे, आमच्या घराण्यात पोरी उशिरा वाढतात. घराण्यात तसं काही नव्हतं.

पाचवीतल्याच हिवाळ्यात तिला फार त्रास झाला तेव्हा नांदेडला एका पोरांच्या डॉक्टरांकडं नेलं. दारातून आत येताना त्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि पहिलं वाक्य असं बोलले, "कोणती गोळी देता?" मी पाकीट पुढं केलं. मग त्यांनी समजावलं. आपल्या शरीरात मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक ग्रंथी असते. ती रोज सकाळी एक रस तयार करते, आजारपणात, धक्क्यात माणूस तगून राहतो तो त्या रसावर. तुम्ही वर्षानुवर्षं तोच रस बाहेरून गोळीनं देत गेलात, म्हणून आतल्या ग्रंथीनं काम सोडून दिलं. वाढही त्यामुळंच मंदावते. आता ही गोळी एकदम बंद केली तर पोरगी कोसळेल. हळूहळू उतरवायची, आणि त्याच जातीचं औषध, पण अगदी थोडं, श्वासातून छातीत द्यायचं. पंपानं.

सकाळी आठला तिचं रक्त काढलं, ते तपासायला मोठ्या शहरात गेलं. रस फारच कमी निघाला. त्या दिवशी दवाखान्यात एवढी गर्दी होती की त्यांच्या कागदावर वजन लिहिलं गेलं, उंची राहिली. कुणाचा दोष नाही. पण पुढचं सगळं त्या राहून गेलेल्या एका आकड्यानं झालं, त्यानं आणि माझ्या आकड्यांनी.

पंप म्हणजे कॅप्सूल घालून ओढायचं एक छोटं यंत्र. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, मग चूळ भरायची. चार महिन्यांत गोळी सुटली. तोंड उतरलं, तिचं खरं तोंड दिसायला लागलं, लांबट, माझ्या आईसारखं. लोक म्हणाले, "काऊन सुकली पोरगी?" त्या वर्षी तिच्या परकराची दुमड मी पहिल्यांदा उसवली. आणि दिवाळीनंतर दुसऱ्यांदा. घरी दार लावून मी तिला टेपनं मोजत होते, दर महिन्याला. चौदा महिन्यांत सात सेंटीमीटर. एकशे अठराची एकशे पंचवीस. तिच्या जन्मात ती एवढी कधी वाढली नव्हती. मी ते कुणाला सांगू शकत नव्हते, कारण रजिस्टरात ती एकशे पंचवीसची आधीच होती.

मिस्टरांना पंप पहिल्या दिवसापासून नको होता. त्यांचं म्हणणं, पंप लागला म्हणजे शेवटचा इलाज, पोरीचं लग्न कसं व्हायचं, पाहुण्यांसमोर काढू नको. वर ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की पंपात स्टिरॉइड असतं, त्यानं पोरं बुटकी राहतात, पोरींचं पुढचं सगळं बिघडतं. कागदात बांधलेल्या गोळीला सहा वर्षं ते घाबरले नाहीत. पंपाच्या डबीवर छापील कागद होता, त्यावर धोके लिहिलेले होते, म्हणून डबीला घाबरले. वाचता येणाऱ्या माणसाची ही अशी गत. ते म्हणाले, "पोरगी तिच्या बरोबरीच्या पोरींत लहान दिसून राह्यली, अन् तू ते ओढाले लावतं." त्यांचा भाऊ नागपूरला होता. ग्रंथींच्या मोठ्या डॉक्टरांकडं त्यानं नंबर लावला.

त्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत पोरीला नीट उभं करून मोजलं. एकशे पंचवीस. मग विचारलं, "आधीच्या वर्षांची उंची कुठं लिहिलेली आहे का? वेग कळायला हवा." मी काही बोलायच्या आत मिस्टर म्हणाले, "हिची आई टीचर हाये साहेब, शाळेत रजिस्टर हाये." पुढच्या भेटीला ते नक्कल घेऊनच आले. ऑफिसातला माणूस. नक्कल नुसती नव्हे, हेडमास्तरांच्या सहीशिक्क्याची. मी त्यांना गावातच थांबवू शकले असते. आठ दिवस होते माझ्या हातात. आठ दिवस मी स्वतःला सांगत होते की डॉक्टर एवढं कुठं बघणार.

त्यांनी बघितलं. आकडे एका तक्त्यावर टिंबांनी मांडले, टिंबं जोडली. म्हणाले, "इतकं व्यवस्थित कुणी आणत नाही." मग पेन त्या रेषेवरून फिरवत मिस्टरांना दाखवलं. गोळ्यांची वर्षं, इथं वाढ जरा कमी, पण चालू आहे. इथं पंप सुरू झाला. एकशे पंचवीस होती, चौदा महिन्यांनंतर एकशे पंचवीसच. सकाळच्या रक्तातला तो रसही अजून थोडा कमीच आलेला होता. ते म्हणाले, "इतक्या थोड्या डोसनं असं सहसा होत नाही. पण हिच्या बाबतीत आकडे समोर आहेत. पंप बंद करून बघू."

पोरगी माझ्या आणि मिस्टरांच्या मध्ये बसली होती. मला फक्त एवढं म्हणायचं होतं की साहेब, आधीचे आकडे खोटे आहेत. पाच-सहा शब्द. शेजारी नवरा, समोर एवढा शिकलेला माणूस, आणि त्याच्या टेबलावर माझं सुंदर अक्षर. नोकरी जाईल, गावात तोंड दाखवता येणार नाही, नवरा जन्मभर बोलेल, हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं. तिचा श्वास गेला नाही डोक्यातून. मी मूग गिळून बसले. त्यांनी साधं सिरप लिहून दिलं, दम लागला तर घ्यायच्या वेगळ्या गोळ्या लिहून दिल्या, आणि आम्ही उठलो. परतीच्या बसमध्ये मिस्टर खूश होते.

उन्हाळा बरा गेला, पावसाळा बरा गेला. मला वाटलं, सुटलो. मग कापूस आला. आठ दिवसांत तिची मान पुन्हा पुढं. सिरप, नागपूरच्या गोळ्या, सगळं पाण्यासारखं जात होतं. मिस्टर स्वतः त्या सायकलवाल्या डॉक्टरकडून पुडी घेऊन आले आणि मी ती दिली. ओळखत होते ती बारीक पांढरी गोळी, तरी दिली. देऊ नको तर काय करू, पोरगी समोर गुदमरत होती. पंपाची डबी कपाटात होती आणि ती काढायची तर मला कारण सांगावं लागलं असतं. दोन महिन्यांत तोंड पुन्हा गोल. सासूबाई म्हणाल्या, आता बरी दिसते.

त्या वर्षी पुडी मध्येच चार दिवस मिळाली नाही, डॉक्टर कुठंतरी लग्नाला गेला होता, आणि भैंशाचं पाकीट आणणं मी नांदेडनंतर सोडलं होतं. पाचव्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत ती आता जात होती त्या मुधोळच्या हायस्कुलातून निरोप आला. मी पोचले तेव्हा ती व्हरांड्यात आडवी होती, ओठ निळे, अंग गार, ओकून ओकून पोटात काही उरलं नव्हतं. हाक मारली तर डोळे उघडायची, माझ्याकडं न बघता मिटायची. जीप करून निर्मलला नेलं. तिथल्या डॉक्टरांना मी रडत रडत ती गोळी, ती ग्रंथी, नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं घडाघडा सांगितलं, म्हणून त्यांनी वेळेवर त्या रसाचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी तिनं पाणी मागितलं.

आठवड्यानं नांदेड. डॉक्टरांनी विचारलं, "पंप कुणी बंद केला?" मिस्टर औषधं आणायला खाली गेले होते. मी सांगितलं. पहिल्यांदा, दुसरीतल्या त्या एका सेंटीमीटरपासून. त्यांनी खरे आकडे पुन्हा लिहून घेतले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "पंपाच्या वर्षी हिनं सगळ्यांत जास्त उंची घेतली होती. तेवढं एक वर्ष चांगलं चाललं होतं." मी विचारलं, आता होईल का तेवढी? ते म्हणाले, दमा नीट ताब्यात नसला तरी वाढ कमी होते, गोळीनं होते, कशानं किती ते सांगता यायचं नाही. पण पोरगी वयात आली की थोड्या वर्षांत हाडं मिटतात, त्याआधी जेवढं मिळेल तेवढं. नागपूरच्या डॉक्टरांना त्यांनी पत्र टाकलं. मिस्टरांना एवढंच सांगितलं की पंप सोडायचा नाही, जीव गेला असता. माझं नाव घेतलं नाही. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, आणि त्याच गोष्टीबद्दल माझा त्यांच्यावर राग पण आहे. त्यांनी सांगितलं असतं तर एकदाचं फुटलं असतं.

पंप पुन्हा सुरू झाला. गोळी पुन्हा हळूहळू उतरवली. पुढच्या वर्षी ती वाढली, त्याच्या पुढच्या वर्षीही थोडी. चौदाव्या वर्षी न्हाण आलं, सासूबाईंनी साखर वाटली आणि म्हणाल्या, "आता दमा जाते." दमा गेला नाही. उंची मात्र दोन-तीन वर्षांत थांबली, एकशे बेचाळीसवर. मी एकशे अठ्ठावन्न, मिस्टर त्याहून उंच.

ती बी.एस्सी.ला होती तेव्हा निर्मलकडचं एक स्थळ सुचवलं गेलं. मिस्टर म्हणाले, बायोडाटा तर देऊन ठेवू. अक्षर तिचंच चांगलं, म्हणून तिलाच लिहायला बसवलं. ते बाहेर गेले तेव्हा जाता जाता सांगून गेले की पंपाचं लिहायचं नाही, आणि उंची जरा बरी लिही. मी गहू निवडत बसले होते. तिनं जन्मतारीख लिहिली, शिक्षण लिहिलं. मग मान वर न करता विचारलं, "आई, उंची कोणती लिहू? खरी, का तुझ्या रजिस्टरातली?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती.

"तुले कदी समजलं?" मी विचारलं.

"दुसरीत. मॉनिटर मोठ्यानं सांगायचा न. मी तुझ्या बाजूलेच उभी राहायची."

"मग नागपूरले काऊन नाई बोलली?"

तिनं पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "मी तुयाकडं पाह्यलं होतं," ती म्हणाली. "तू खाली पाहत होती. मले वाटलं, नाई सांगायचं असं आपलं ठरलं हाये."

आमचं काहीच ठरलं नव्हतं. ती अकरा वर्षांची होती, मी छत्तीसची. मला लाज वाचवायची होती म्हणून मी गप्प बसले, आणि तिला मला वाचवायचं होतं म्हणून ती गप्प बसली, त्या दिवशी जे औषध काढून घेतलं जात होतं ते तिचं असताना. तिनं एकशे बेचाळीस लिहिलं. खालच्या ओळीत, बापानं नको म्हटलेलं असताना, दमा आहे, रोज पंप घेते, असंही लिहिलं. मग कागद माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "वाचून पाह्य, काई चुकलं का."